माझ्या उंचीइतक्या टाइल्स

११ जानेवारी १९५९, घोडनदी

आले एकदाची माझ्या घरी. एस.टी.त अंगावर इतकी धूळ बसली की उतरल्यावर एडविननी मला ओळखलं हेच नवल. घर लहान पण नेटकं आहे, मागं पडवी, आणि पलीकडून नदीकडं उतरणारी वाट. दुसरेपणावर दिली म्हणून मावशीनं पुण्यात डोळे पुसले, पण मला त्याचं काही वाटत नाही. पहिली बायको राहेल आजारपणात गेली, त्याला दीड वर्ष झालं. बाई ताडमाड उंच असली पाहिजे. एडविन स्वतः दारातून वाकून आत येतात, त्यांना जोडीची मिळाली होती. फळीवरचा मिठाचा डबा काढायला मला पाटावर चढावं लागतं. मी लगेच सांगून टाकलं, मला पुण्यासारखा उभ्याचा ओटा हवा आणि मागच्या भिंतीला चकचकीत टाइल्स. ते बरं म्हणाले. डेपोतला हा कारकून बायकोला नाही म्हणायला घाबरतो, हे मला आवडलं.

१७ जानेवारी

काल पुण्याला टाइल्स बघून आलो. पांढऱ्या बघितल्या की दवाखाना आठवतो, हिरव्या शेवाळासारख्या, पिवळ्यांवर वरण सांडलं तर कळणारही नाही. दुकानदार कंटाळला, एडविन त्याहून. रिकाम्या हातानं परतलो.

आणि आज पडवीतली अडगळ उपसताना गवतात बांधलेली एक पेटी सापडली. आत टाइल्स, दुधासारख्या, कडेनं निळी वेल. मला हव्या होत्या तशाच. काखेत कळसा नि गावाला वळसा. एडविनना विचारलं तर म्हणाले, जुन्या पडून आहेत, लाव. आणि घाईनं अंघोळीला गेले.

२१ जानेवारी

इनुस गवंडी कामाला लागला. टाइल्स आधी हौदात भिजवाव्या लागतात, नाहीतर त्या सिमेंटचं पाणी पितात आणि सुटतात. पाण्यात घातल्या तर प्रत्येकीतून बारीक बुडबुडे. कोणीतरी कोंडलेला श्वास सोडावा तसे. मला गंमत वाटली.

भिंतीला कुठवर लावायच्या? मी म्हटलं, माझ्या डोक्याइतक्या, फोडणी उडाली तर हात पुरला पाहिजे. घे सुतळी, माप मला. तर तो मागंच सरला. "नगं, बाई. पट्टीनं मापतो. सुतळी जित्या माणसाला लावत न्हाईत, कबर खांदायची आसंल तवाच लावत्यात." तुमच्या ख्रिस्ती मंडळीतपण हेच पाळतात म्हणाला. मला हसू आलं. मीच सुतळीचं टोक टाचेखाली दाबलं, डोक्याशी गाठ मारली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिळ्याला अडकवली, हातात धरली नाही.

३० जानेवारी

ओटा झाला. शेजारच्या बायका बघून गेल्या, निम्म्या जळून गेल्या.

दुपारी खुटबावहून दबोराबाई आल्या, राहेलच्या आई. भिंतीशी गेल्या आणि टाइलवर तळहात टेकून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "राहेल म्हनली व्हती, माझ्या कबरीला चुना नगं. चुना पावसानं धुऊन जातो. दुखण्यात पुण्याला जाऊन तिनं सोता निवडल्या ह्या. तुझ्या मालकानं शबूद दिला व्हता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग एडविनचा होता, पण काढला त्यांच्यावर. म्हटलं, मेलेल्यांना टाइल्स कशाला, जिवंतांच्या कामाच्या आहेत, एकही मिळणार नाही. त्या भांडल्या नाहीत. "म्या मागितल्या. आता तिची तीच न्हील," म्हणाल्या आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या.

संध्याकाळी एडविननी ताटातली मान वर केली नाही. मी मुद्दाम ती निळी वेल घासून घासून चमकवली. मेली तरी सवत ती सवतच.

४ फेब्रुवारी

वरच्या रांगेतली एक टाइल नाही. खाली पडलेली नाही, फुटलेली नाही. इनुस म्हणाला, छिन्नी मारली तरी निघायची नाही अशी बसवली होती. मग त्यानं खिळ्याकडं बोट दाखवलं. सुतळीही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

चार दिवसांत वरची अख्खी रांग गेली. आज देवळातली उपासना आटोपून थेट कबरस्तानात गेले. राहेलच्या मातीच्या ढिगावर, उशाशी, निळ्या वेलीच्या टाइल्स ओळीनं बसवलेल्या. एकीला एक जोडून, ओल्या.

घाबरले. पण त्याहून संतापले. नखं तुटेपर्यंत उपटल्या, पदरात बांधून घरी आणल्या. इनुस हात लावेना. मीच सिमेंट कालवून लावल्या. बघू कोण थकतं.

१० फेब्रुवारी

मी लावते, ती नेते. आज भरदुपारी फोडणी घालताना समोरची टाइल भिंतीत आत गेली — पडली नाही, आत गेली. मागून बुडबुड्यांचा आवाज. हौदातल्यासारखा.

एडविन म्हणतात मला ताप आहे. भिंतीकडं बघत नाहीत.

१३ फेब्रुवारी

तिची कबर पायापर्यंत पुरी झाली. वाटलं, सुटले. घ्या बाई, जिंकलात.

पण टाइल्स अजून जातच आहेत. तिच्या शेजारची जागा मोकळी होती — तिथं नवी रांग. आखूड. तिच्या मापाची नाही. जमिनीवर सुतळी ताणलेली. गाठ माझी.

१५ फेब्रुवारी, रविवार

शब्द कोणी मोडला? एडविननी. चोर सोडून संन्याशाला सुळी? मी नाही जाणार.

कबरस्तानातून सुतळी घेऊन आले. एडविन जेवून झोपलेत. माझी गाठ सोडली. त्यांच्या टाचेपासून डोक्यापर्यंत ताणली, नवी गाठ मारली. घे तुझा नवरा —

माझ्या अंगाला लावून बघितली. गाठ माझ्याच डोक्याशी.

पुन्हा मापलं. पुन्हा माझ्याच —

त्याच दिवशी

भिंत उघडी. एकच टाइल उरली, माझ्या डोक्याच्या उंचीवर. डावा तळहात दाबून धरलाय, उजव्यानं लिहितेय. एडविनना हाका मारल्या. दाराशी आले, बघितलं, बाहेरून कडी घातली.

हात काढणार नाही. टाइल गार — आता ओली — मऊ

टाइल नाही ही. पलीकडून तळहात. माझ्याहून मोठा. बोटं माझ्या बोटांत घालून ती