कारण सांगितल्याशिवाय आकडा नाही

रविवार, १२ फेब्रुवारी
दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकली असशील, म्हणून आधीच सांगते, कुणाला काही झालेलं नाही. घरात सगळे धडधाकट आहेत. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. खालच्या शिंप्याने दुसरं मशीन घेतलंय, त्यामुळे दिवसभर पायाखाली खडखड चालू असते. दुकानात गर्दी आहे. परवा एक आजोबा नवा चष्मा घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. म्हणाले, "यातून बायको रागावलेली दिसते." मी काचा पुन्हा तपासून पाहिल्या. नंबर अगदी बरोबर होता.

बघ, नमनालाच घडाभर तेल गेलं.

गेले तीन रविवार मी तुझा फोन उचलला नाही. घसा बसला होता असं लिहायचं ठरवलं होतं. मग फोन बिघडला होता असं लिहावं, असं वाटलं. पण तू दिवसभर लोकांचे एक्स-रे काढतेस. वरून धड दिसणारा हात आतून कुठे मोडलाय हे तुला कळतं. तुझ्याशी थापा मारून मी कुठे जाणार? शिवाय तू विचारणारच, "कारण?"

हा प्रश्न तू मला पहिल्यांदा विचारलास तो दिवस आठवतो का? तू लग्न होऊन आमच्या घरात नवीन होतीस. नणंद म्हणजे काहीतरी भयंकर प्रकरण असणार अशा समजुतीने माझ्यापासून चार हात लांब राहायचीस, आणि मीही नाक वर करून वावरायचे. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रातलं सुडोकू घेऊन बसले होते. पेनने भरत होते, मोठ्या ऐटीत. सगळं भरून झालं आणि शेवटच्या ओळीत दोन सात आले. तू भांडी पुसत होतीस. मागून वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "आधी ते पेन ठेवा. हा सात इथे का लिहिलात?"

"वाटला म्हणून."

"वाटणं हे कारण नाही."

मला इतका राग आला होता! कालची आलेली ही बाई मला शिकवणार! पण तू ओढणीला हात पुसून शेजारी बसलीस, आणि आईने हाक मारेपर्यंत आपण दोघी उठलो नाही. अहो-जाहोही त्याच आठवड्यात कुठेतरी सुटलं.

खरं सांगू? हा छंद म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्याचा भुगा करून घेणं आहे. कुणी सांगितलंय? रिकाम्या घरांकडे टक लावून बसायचं, प्रत्येक घराच्या कोपऱ्यात मुंगीएवढे आकडे लिहायचे, हा चालेल, तो चालेल. अर्धा तास काही हलत नाही. मग एक आकडा सापडतो, त्याच्यामागून दुसरा, आपण हुरळून भराभर भरत सुटतो, आणि शेवटी कळतं की मघाशीच कुठेतरी चूक झाली होती. कुठे, ते मात्र कळत नाही. चूक केली त्या क्षणी कागद तोंडातून शब्द काढत नाही. पुढचं सगळं त्या चुकीवर नीट, व्यवस्थित बसत जातं. मग खोडा सगळं. माझे किती कागद खोडून खोडून फाटले ते तू पाहिलंस.

पण ज्या दिवशी प्रत्येक आकड्याला कारण असतं, त्या दिवशीचं सुख मला अजून कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. या ओळीत चार आहे, त्या उभ्या रांगेत चार आहे, म्हणजे या चौकटीत चारला राहायला एकच जागा उरली. त्यात कुणाची मर्जी नाही, कुणाचा रुसवा नाही. जगात निदान एका ठिकाणी तरी गोष्टी जागच्या जागी बसतात हे दिसतं, आणि ते शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसालाही त्याच क्षणी दिसतं. ते मला तुझ्याबरोबरच मिळालं.

तू गेल्याला दोन वर्षं होतील. तुझं आणि दादाचं भांडण झालं असतं तर मला सोपं गेलं असतं, कुणाची तरी बाजू घेता आली असती. पण तुम्ही दोघं ताकास तूर लागू न देता एकमेकांशी बोलायचे थांबलात, आणि एक दिवस तुझी बॅग दारात होती. तुम्ही दोघांनी समजुतीने सह्या केल्यात. लोक म्हणाले, किती शहाणपणाने वागली दोघं. मी कुठे सही केली होती, वहिनी? मला कुणी विचारलं होतं? तुमचं नातं तुम्ही मोडलंत, पण माझी वहिनीही त्याच कागदावर गेली.

म्हणून तू पहिल्या रविवारी फोन करून "आजचं आलंय का तुझ्यासमोर? तिसरी ओळ बघ" म्हणालीस, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तुला सांगितलं, दूध उतू जातंय. मग दर रविवारी आपलं ते उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. तू तिकडून "पाचवं घर" म्हणायचीस, मी उजवीकडून मोजायचे, आणि दोघींची वेगवेगळी कोडी व्हायची. किती हसायचो.

आता तेच सांगायचंय. त्या हसण्याचंच.

दादाचं दुसरं लग्न झाल्याचं तुला माहीत आहे, त्यानेच तुला कळवलं होतं. पण ती कशी आहे हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. चांगली आहे. बालवाडीत शिकवते. हळू बोलते. मी तिला हाकच मारत नाही. "वहिनी" म्हणायला जाते आणि तो शब्द ओठांवरच राहतो, मग "चहा झालाय" असं भिंतीला ऐकवते. ती बिचारी ओळखते की तिलाच म्हटलंय.

महिन्याभरापूर्वी दादा दुकानात आला. डोळे तपासायच्या खोलीत, त्या उंच खुर्चीवर बसला. मला वाटलं, नंबर वाढला. म्हणाला, "डोळे ठीक आहेत. दार लाव." मग म्हणाला, "ती दर रविवारी पोटात दुखतंय म्हणून पडून राहते. पहिल्या लग्नात मी कधी विचारलंच नव्हतं. या वेळी विचारलं."

"मग?"

"म्हणाली, घरात सगळे नीट वागतात. पण रविवारी ताईंच्या खोलीतून जे हसू येतं, तसं माझ्याशी इथे कुणी हसत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे मी फोन बंद करू?"

"मी तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणतोस?"

तो समोरच्या पाटीवरची अक्षरं बघत बसला. त्याचे डोळे भरून आले होते. माझ्याकडे काचा पुसायचा फडका होता, तोच दिला. आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणावर ओरडणार? खूप राग आला, वहिनी. त्याचा, तिचा, आणि तुझाही. तू का गेलीस, इतकाच साधा राग.

त्यानंतरच्या रविवारी मी वर्तमानपत्र घेऊन टेबलापाशी बसले आणि तिला म्हटलं, "बसतेस?" तिने पेन्सिल घेतली आणि पहिलाच आकडा चुकीचा लिहिला. मी म्हणून गेले, "कारण?" ती लाजली. म्हणाली, "मला वाटलं." मला हसायला हवं होतं. जमलं नाही. मी नुसतं खोडरबर तिच्याकडे सरकवलं.

तेवढ्यात तुझा फोन आला. टेबलावरच होता, तुझं नाव दोघींना दिसलं. ती म्हणाली, "घ्या ना, ताई. मी जाते आत." ती उठायला लागली. मी तिचा हात धरला आणि फोन पालथा घातला. तो वाजून वाजून थांबला. आम्ही दोघी कोड्याकडे बघत होतो, पण एकही आकडा दिसत नव्हता. त्या दिवसापासून ती रविवारी पडून राहत नाही. मला मात्र रविवार उजाडूच नये असं वाटतं.

आत्ता आई येऊन गेली. "कुणाला लिहितेस?" मी म्हटलं, "मैत्रिणीला." ती खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "तिला लिही, जिना चढताना हल्ली मला दम लागत नाही." आणि निघून गेली. तो दम पहिल्यांदा तुझ्याच लक्षात आला होता आणि तूच तिला ओढत दवाखान्यात नेलं होतंस, हे ती विसरलेली नाही. कुणीच काही विसरलेलं नाही इथे.

वहिनी, येत्या रविवारी फोन करू नकोस. त्याच्या पुढच्या रविवारीही नको. या पत्राला उत्तर लिहू नकोस. ती नवी आहे, एकटी आहे, आणि तू या घरात आलीस तेव्हा निदान मी तुझ्याशेजारी बसले होते. तिला कुणी नाही. हे मला कुणी करायला लावलेलं नाही, माझं मी ठरवलंय, आणि माझ्या आयुष्यात इतकं पटलेलं आणि इतकं नकोसं दुसरं काही मी ठरवलेलं नाही.

तू फोन केलास तर मी उचलेन. म्हणून करू नकोस.

तुझीच