बारा हो आणि एक नाही

बोस्टन, १२ जानेवारी १७८७

चि. टूनिस,

आशीर्वाद नंतर. आधी हे सांग, तू माझा भाऊ आहेस की न्यूयॉर्कचा जकातनाका? मागच्या पत्रात लिहितोस की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. माझा नवरा जॉब दीड वर्ष अल्जियर्सला चाच्यांच्या कैदेत दगड ओढतोय, पायात साखळी. तो कसला प्रश्न? सगळ्या राज्यांची मिळून जी आपली काँग्रेस, तिच्याकडे लढाऊ जहाज नाही, माणसं सोडवायला दमडी नाही, आणि बंदरांवर कर बसवायचा हक्कही नाही. हक्क द्यायचा तर तेराच्या तेरा राज्यांनी हो म्हणायचं, असा शहाणा कायदा. बारा म्हणाली. अडलंय ते तुमच्या न्यूयॉर्कचंच. पुढच्या महिन्यात विधानसभेत तुझं नाव पुकारतील तेव्हा हो म्हण, बस.

आईला नमस्कार. लोभ शिल्लक असेल तर कळव.

मारिट्ये


न्यूयॉर्क, २७ जानेवारी

ती. अक्कास, तू लाथ मारलीस तरी वाकून नमस्कार.

जॉबला त्या समुद्रात मी धाडलं होतं का? तुझ्या लग्नातच मी म्हणालो होतो की खलाशी करू नकोस, शेतकरी कर. बंदराची जकात आमच्या राज्याला मिळते म्हणून आमच्या शेतावर सारा कमी. ती काँग्रेसच्या हवाली केली तर गावचे लोक मला नदीत बुडवतील. आणि लांब बसून कर उकळणाऱ्या इंग्रज सरकारशी आपण आठ वर्षं लढलो ना? की बोस्टनवाले विसरले?

आईचा खोकला बरा आहे. रोज जॉबचं विचारते. मी विषय बदलतो.

कृपा असावी, नसली तर निदान शिव्या कमी असाव्यात.

टूनिस


बोस्टन, ४ फेब्रुवारी

टूनिस,

हो म्हणवत नसेल तर आजारी पड. जवस उपटायच्या दिवशी तुला बरोबर ताप यायचा. तसाच आण. जॉबबरोबरचे दोघे साथीत गेले, असं त्याच्या पत्रात आहे. ते पत्र सोबत पाठवतेय. सभेत वाचून दाखव, नाहीतर स्वतः तरी वाच.

मारिट्ये


न्यूयॉर्क, १६ फेब्रुवारी

ती. अक्कास,

काल झालं. ठरावाच्या बाजूचा एक वकील तासाच्या वर बोलला. आमच्या बाजूने कुणी तोंड उघडलं नाही. उत्तरच द्यायचं नाही, असं आधी ठरलं होतं. मग नावं पुकारली. छत्तीस नाही, एकवीस हो. मी नाही म्हणालो. पत्र खिशात होतं, वाचलंय मी. पण माझ्या एकट्याच्या मताने काय फरक पडणार होता? पंधरा मतांनी पडला ठराव. उगाच माझ्यावर राग धरू नकोस. आईने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत.

टूनिस


बोस्टन, १ मार्च

टूनिस,

एकट्या न्यूयॉर्कने नाही म्हटलं की बारा राज्यं जागच्या जागी बसतात, आणि एकट्या टूनिसने काही होत नाही? छान. सगळं राष्ट्र अडवायला तुम्ही पुरेसे, एक माणूस सोडवायला कमी.

आता ऐक. जॉबचा जन्म इंग्रजांच्या ब्रिस्टलचा. अल्जियर्सच्या इंग्रज राजदूताने त्याला सांगितलंय की मी इंग्रज राजाची प्रजा आहे एवढं म्हण, जन्माचा दाखला आण, तुला सोडवतो. जॉबने दोनदा नाही म्हटलं. त्या राजाविरुद्ध लढताना दोन बोटं गेली, आता त्याचा म्हणवून घेणार नाही म्हणे. तुझ्या या देशासाठी तो मरायला बसलाय, आणि देशाला ते माहीतही नाही.

तेव्हा त्याच्या वतीने मी हो म्हणणार आहे. ब्रिस्टलला जाऊन तिथल्या चर्चमधून दाखला काढीन, आमच्या दोघांच्या नावाने राजाशी इमान लिहून देईन. जॉब चिडेल. चिडू दे, जिवंत माणूसच चिडतो. आम्ही परत येणार नाही. आईला हे तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने, विषय न बदलता.

मोजे दुसऱ्या कुणाला दे. हे पत्र धक्क्यावर लिहितेय. भरती लागलीय, जहाजावर चढा म्हणून ओरडतायत. घर विकलं, नवा पत्ता तुला मिळणार नाही.

चालले.