डिस्क जिथं अटकते

बाबा, आज सकाळपासून रिसाली वस्तीतल्या घरात मी दोन रिमोट घेऊन बसली आहो. एकानं तुमची सिनेमाची डिस्क लावते, दुसऱ्यानं तोच सिनेमा नेटवर. पोरगी म्हणते, "मम्मी, सब ऑनलाइन है, हे सगळं कबाड्याले देऊन टाक ना." म्हणून पाहून राहिली, कोणतं बरं. नेटवर रात्रीचा सीन आला की अंधाराचे चौकोन चौकोन पडतात, आवाजही पातळ. डिस्कवर काळं ते काळंच दिसते, रेल्वे आली की सोफ्यापर्यंत धडधड पोचते. इथंच ठरायले पाहिजे होतं. पण मन काही जागेवर बसत नाही.

तुमी डिस्क पुसायचे तुमच्या स्टील प्लांटातून आणलेल्या कॉटन वेस्टनं, मशीन पुसायच्या त्या सुताच्या गुंत्यानं. मी म्हणायची, त्यात लोखंडाचा चुरा असते. तुमी म्हणायचे, "एवढाल्या मशीन याच्यानंच पुसतो, तुह्या डिस्कचं काय घेऊन बसली." लागली डिस्कची वाट. सिनेमाच्या शेवटाकडं स्टेशनमास्तरची शहरात गेलेली पोरगी घरी यायले निघते, अन् तिथंच चित्र थिजते. मग उडी मारून थेट ती फाटकाशी रडत उभी. मधलं तुमी सांगायचे, कारण डिस्क नवी होती तवा तुमी एकट्यानं अख्खी पाहिली होती. "बाप अंगणात मटर सोलून राहिला असते. म्हणते, हात धू, जेवू. म्हणून खुशीनं रडून राहिली ती." मी नागपूरले शिकायले निघाली, त्याच्या आदल्या दिवशीही हेच सांगितलं तुमी.

आज नेटवर सिनेमा तिथं अटकला नाही. घराले कुलूप आहे, बाबा. शेजारीण चावी देते अन् म्हणते, फार वाट पाहिली तुह्या बापानं. मटर कुठंच नाही. मले रागच आला तुमचा. उठली, भांडी घासली, परत येऊन तोच सीन लावला. दर सुट्टीत मी धावत यायची, बाप अंगणात बसला असन म्हणून. अन् तुमी खरंच बसले असायचे. मग याले खोटं कसं म्हणू?

पोरगी सोमवारी नोकरीवर पुण्याले चालली. दुपारी माह्याजवळ बसून तिनं डिस्क पाहिली. तिथं आली अन् अटकलीच.

"अब यहाँ क्या हुआ?"

मोबाईल तिच्या हातातच होता, नेटवर पाहू शकली असती. मी म्हटलं, "बाप अंगणात मटर सोलून राहिला असते."

"फिर?"

"म्हणते, हात धू, जेवू."

कबाड्याले नाही म्हणून सांगितलं. तुमी तर गेले, हा कागद कुठं जाणार, डिस्कच्याच डबीत ठेवते. पोरीसाठी नाही ठेवली ती, बाबा. ते कुलूप मलेच पाहावत नाही.