‘कारागीर पाहिजेत’चे बोर्ड मोजल्याबद्दल

ती. स्व. मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (या खेपेचा जरा जास्तच लांब, कारण पुढे येईल).

वि. वि. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आम्ही मजेत आहोत आणि मी तर इतका मजेत आहे, की कार्यालयातले लोक माझ्याकडे संशयाने बघतात. आमचं प्रशिक्षण कार्यालय दरवर्षी चाळीस जणांना एखादं काम फुकट शिकवतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कोणतं काम, ते ठरतं कपाटातल्या एका अहवालावरून. अहवाल बारा वर्षांपूर्वीचा. त्यात घड्याळजींची टंचाई लिहिली आहे, म्हणून बारा वर्षं आम्ही घड्याळजीच तयार करतोय. आता भागात चारशे ऐंशी घड्याळजी आहेत आणि आमच्या कार्यालयातलं घड्याळ बंद आहे.

मी साहेबांना म्हणालो, शिळ्या आकड्यांवर लोकांची वर्षं वाया घालवू नका, तीन दिवसांत ताजे आकडे आणतो. आणि आणले! इथली आणि तुमच्या गावची अशा दोन्ही बाजारपेठा पायी तुडवल्या (तेव्हाच तुमच्याकडे जेवलो होतो) आणि दुकानांवरचे ‘कारागीर पाहिजेत’चे बोर्ड मोजले. एकूण त्रेसष्ट, त्यात एक्केचाळीस शिंप्यांचे. साहेब खूश. चाळीस जागा शिवणकामाच्या ठरल्या, आणि मास्तर म्हणून मी तुमचं नाव सुचवलं. ते तुम्हाला कळवायला मी किती घाई केली, आठवतं ना?

पण माशी शिंकायची ती शिंकलीच, आणि तीही घरात. तुमची भाचेसून म्हणाली, “अहो, कोपऱ्यावरच्या शिंप्याचा बोर्ड आपल्या लग्नाआधीपासून आहे. आत माणूस एकटाच माश्या मारत बसलेला असतो.” मी हसलो (नवरे हसतात), पण दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. शिंपी म्हणाला, “साहेब, बोर्ड काढला तर लोक म्हणतील, याचं काम बसलं.” घ्या! गरज म्हणून मी वहीत लोकांची अब्रू मोजून आणली होती.

दुसरा एखादा हातपाय गाळून बसला असता. मी घरातला जळालेला पाण्याचा पंप आणि एक उसवलेली पँट घेऊन पुन्हा निघालो. सगळ्यांना प्रश्न एकच, “कधी मिळेल?” बोर्डावर माणूस काहीही लिहितो, पण तारीख चुकीची दिली तर गिऱ्हाईक दारात येऊन बसतं, म्हणून तिथे तो जपून बोलतो. पँटीला सगळीकडे उत्तर, “बसा, आत्ता देतो.” एकाने तर मी ‘राहू दे, राहू दे’ म्हणेपर्यंत शिवूनच टाकली, मग पुढच्या दुकानासाठी मला ती आडोशाला उभं राहून पुन्हा उसवावी लागली. (नेमकी शेजारीण तिथून गेली. त्यावरून घरी अजून बोलणी खातोय.) पंपाला मात्र मोटार वाइंडिंगवाले (जळालेली तार काढून नवी गुंडाळणारे) चाळीस दिवस, पन्नास दिवस सांगत होते. एकाने आमच्या पंपाकडे पाहिलंही नाही, भिंतीला लावलेल्या पंपांच्या रांगेकडे नुसतं बोट दाखवलं. आता हा फेरा मी दर महिन्याला मारणार आणि कोणता वर्ग काढायचा ते त्यावरून ठरणार. काल साहेबांसमोर माझाच जुना प्रस्ताव मी मागे घेतला. चाळीसच्या चाळीस जागा वाइंडिंगच्या. साहेब म्हणाले, “तो प्रस्ताव तुम्हीच आणला होता ना?” म्हटलं, “म्हणून तर त्यातली चूक मला सगळ्यांच्या आधी कळली!” साहेबांनी सही केली.

मामींना नमस्कार. गुडघा शेकत जा.

स्वतःवर सध्या फार खूश असलेला,
तुमचा भाचा

ता. क. – मी आडवळणाने कुठे चाललोय, हे तुम्ही ओळखलं असेलच. शिवणाचा वर्ग गेला, त्याबरोबर तुमची मास्तरकीही गेली. मामा, मला फार वाईट वाटतंय. शाळेत असताना माझ्या अंगावर कायम तुमच्याच हातचे कपडे, आणि मी तुम्हालाच उगाच आशेला लावलं.

ता. क. २ – ती पँट शेवटी तुमच्याकडेही आणली होती. चहा निवायच्या आत शिवून हातात दिलीत. तुमचा बोर्ड दारावर होता आणि आतल्या दुसऱ्या मशीनवर चादर होती. मी वहीत तुमच्या नावापुढे ‘लगेच’ असं लिहिलं.

ता. क. ३ – वाइंडिंगच्या वर्गाला वयाची अट नाही (ती कालच मी साहेबांकडून खोडून घेतली). जन्मभर बॉबिन भरणाऱ्याला तार गुंडाळणं काय जड आहे? यादीत पहिलं नाव तुमचं घातलंय. सोमवारी दहाला या, वेळ तुमच्या घड्याळात बघा. बोर्ड फेकू नका. त्याची मागची बाजू कोरी आहे, मी उलटून पाहिली.

ता. क. ४ – आमचा पंप अजून त्या रांगेतच आहे आणि तुमची भाचेसून तीन जिने बादल्या चढवतेय. तेव्हा जरा लवकर शिका.