वसंताच्या गळ्याची पेटी

४ ऑक्टो., अनसिंग
हाताने केलेलं: साबणदाणीतला रेडिओ. देवळाचा अँप्लिफायर, अजून चालतो. लग्नाच्या मांडवात लावतो त्या भोंग्यांचे दोन. ट्रान्सफॉर्मर सगळे स्वतः गुंडाळलेले. शिक्षण नववी. शिकवलं कोणी नाही.
वसंताचा आवाज मोठा करणारी पेटी मात्र होत नाही. घशाच्या ऑपरेशननंतर दोस्ताचा आवाज कुजबुजीएवढा उरला. कोजागिरीपासून काकडा. पहाटे तो गायचा, मी झांज धरायचो. त्याच्यामागे कोणाचंच गाणं कानाला लागत नाही.

११ ऑक्टो.
गळ्याची थरथर पकडणारी पिझोची चकती पट्ट्याने वसंताच्या गळ्याला बांधली. पुढे ट्रान्झिस्टर, तिन्ही आवाज वाढवणारे, एकामागे एक. आवाज मोठा, पण पत्र्याचा. खर्ज गायब. मग किंचाळी. वसंता कानाशी येऊन, "बे, माह्या गळ्यात हे कुत्रं कोनाचं?"

१५ ऑक्टो.
बायको, शोभा, म्हणाली, "आवाज कमी आला का तुमी बटनच वाढवता. मांडवातबी तेच." लागलं.
बरोबर बोलली. मांडवाची सवय. चकतीत जोर कमी, माझा पहिलाच ट्रान्झिस्टर तिच्यावर ओझं टाकतो, खर्ज तिथेच मरतो. पहिल्याने वाढवायचं नाही. नुसतं हलक्या हाताने घ्यायचं.

१९ ऑक्टो.
पहिले दोन डार्लिंग्टन जोडीत, म्हणजे एकाच्या पाठीवर दुसरा, आउटपुट एमिटरवरून; चकतीवर ओझं नाही. व्होल्टेज तसूभर वाढत नाही. मग वाढवणारा एकच. शेवटी स्पीकर ओढायला पुश-पुल जोडी, एक ढकलतो, एक ओढतो. ट्रान्झिस्टर दोनच वाढले, खरा बदल क्रमाचा.
वसंता बोलला, "वहिनी, चहा."
आतून शोभा, "साखर किती टाकू, भाऊजी?"
भिंतीपलीकडून ऐकलं तिनं! मी सोल्डरकडे बघत बसलो. डोळ्यांत धूर.

३० ऑक्टो.
काकडा. वसंता शालीखाली पेटी घेऊन आला. सगळ्यांना रामराम घातला, खणखणीत. म्हातारे उठून उभे राहिले.
त्याच्या अभंगाची पाळी आली. मी झांज उचलली. तो गप्प.
वाटेत विचारलं, "काहून रे?"
"बोलनं जमते. गानं... मले भेव लागून राह्यलं."

२ नोव्हें.
आजही गायला नाही. मी झांज धरून...
दुपारी वाशीमचा साउंडवाला आला. पेटी ऐकली, उलटी करून पाहिली, विकत मागितली. वसंता म्हणे, "देऊन टाक बे, मले दुसरी करजो." नाही म्हणालो. ही पेटी बोलण्यापुरती केलीच नव्हती. गाणं आल्याशिवाय ती पुरी झाली असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?
साउंडवाल्याने सांगितलेला भाव: पेटी आणि जोडणीचा नकाशा मिळून तीस हजार, रोख.