पाखरं राखणारा वर्ग

बोरी,
दि. ३ जानेवारी १९८५

ती. नीलम्माअक्कास,
चंद्रप्पाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. दाजींचा खोकला कसा आहे, ते कळवावे.

मला मात्र धास्ती लागली आहे. माझ्या सकाळच्या वर्गाच्या पटावर अकरा मुले आहेत, पण ज्वारी दाण्यात आल्यापासून चारच येतात. बाकीची मुंजाजीमामांच्या शेतात पाखरे राखतात. एकवीस तारखेला तपासणीस येणार. दहा मुले हजर नसतील तर वर्ग बंद, असे त्यांनी लिहूनच दिले आहे. मी स्वतः नववीतून शाळा सोडलेला. वर्ग मोडला तर ही मुले पुन्हा पाटी धरणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

म्हणून दोन दिवस खपून मी बुजगावणे केले आणि त्याला माझा चांगला सदरा घातला. मामा पाहायला आले तेव्हा त्याच्या खांद्यावर तीन चिमण्या बसल्या होत्या. सदरा इस्त्रीचा आहे, पाखरांना सोयरा आल्यासारखे वाटले असेल, असे मामा म्हणाले. मुले अजून हसत आहेत.

काय करावे, सविस्तर लिही. माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा,
चंद्रप्पा

चुडावा,
दि. ८ जानेवारी १९८५

चि. चंद्रप्पास अ. उ. आ.

यांचा खोकला बसला होता, तुझ्या सदऱ्याचं ऐकून हसता हसता पुन्हा उसळला.

अरे, पाखरं रोज पोरं हाकायलीत आणि उपाय तू काढायलास. गणित घालून उत्तरही आपणच सांगायचं, ही तुझी लय जुनी खोड. आमच्या चन्नीला भरली घागर उचलायची न्हाई, मी ओरडायचे. एक दिवस गप बसले. तिनं रिकामी घागर ओट्यावर ठेवली, तांब्यानं भरली आणि तिथूनच डोक्यावर घेतली.

पोरांना विचार आणि ओठ शिवून बस. चुकली तरी बस.

पत्राला उशीर करू नको, जीव लागून राहतो.

तुझी अक्का

बोरी,
दि. २४ जानेवारी १९८५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलेस तसे केले. वर्ग मामांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुलिंबाखाली नेला आणि विचारले, की पाखरेही उडावीत आणि तुम्हाला बसताही यावे, तर काय करायचे. बन्सीधरने लांब दोरीला रिकामे डबे बांधून ती पिकावर टाकली. ओढल्यावर जवळचा एक डबा वाजला, कणसे मात्र मोडली. पुन्हा दोरी दिसली तर चुलीत घालीन, असे मामांनी बजावले. मला उत्तर सुचले होते, तरी ओठ शिवून बसलो.

दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या बायनाने बेचक्याच्या काठ्या रोवून दोरी कणसांच्या वरून नेली. कणसांना धक्का लागेना, म्हणून मामांनी ती राहू दिली. दूरचे डबे तरीही गप्पच. मग सर्वांनी भांडून भांडून एका लांब दोरीच्या चार बाजूंना चार आखूड दोऱ्या केल्या, तेव्हा सगळे डबे वाजले. अक्का, मला सुचलेले उत्तर याहून कच्चे होते.

एकवीसला साहेब आले. अकराही मुले हजर, मांडीवर पाट्या, हाताशी दोऱ्या. थवा ज्याच्या बाजूला उतरे तो ओढी आणि पुन्हा लिहू लागे. साहेब स्वतः इतक्या वेळा ओढू लागले, की पाखरे नसताना ओढू नका, असे मामांना त्यांना सांगावे लागले. शेऱ्यात त्यांनी लिहिले, वर्ग चालू ठेवावा. मी ती ओळ चार वेळा वाचली.

मुलांना सांगायला धावलो, तर कोणाचे लक्षच नव्हते. तान्ह्या भावाला सांभाळणारी सगुणा वर्गात कशी येईल, यावर त्यांचा वाद रंगला होता. गुरुजी, तुम्ही जरा तिकडे बसा, असे मलाच सांगितले.

आज कडुलिंबाला झोळी टांगली आहे. पटावर बारावे नाव मी सकाळीच घातले.

दाजींना नमस्कार. चन्नीला माझा आशीर्वाद आणि तुझा हात माझ्या पाठीवर असू दे.

तुझा,
चंद्रप्पा