काळ्या टोमॅटोचा वाफा

३ मार्च
बी आलं. काळा टोमॅटो, दुर्मिळ जात. साधे लाल टोमॅटो काय, कोणीही लावतं.

ही तिच्या बहिणीकडे जाऊन बरेच दिवस झाले. जाताना म्हणाली, एखादी तरी गोष्ट शेवटपर्यंत न्या, मग मला कळवा. रोख बहुधा बेडरूमच्या अर्ध्या रंगवलेल्या भिंतीकडे होता. शिवाय गिटार. शिवाय मी तिचा पुदिना उपटून तिथे हा वाफा केला, तेही मनात असणार. पण तिचं शिलाई मशीन इथेच आहे. मशीन मागे ठेवून कोणी कायमचं जात नाही. म्हणजे प्रश्न फक्त टोमॅटोचा उरला.

५ मार्च
पेरणी उरकली. उद्यापासून रोज पहाटे उठून पाणी घालायचं. आज उठायला नऊ वाजले, पण आज पेरणी होती, ते वेगळं.

घर शांत. वाईट वाटतंय का ते बघितलं. नाही वाटत. शेजारच्या रिटायर्ड डेंटिस्ट काकांनी मागे माझी दाढ काढली, तेव्हा इंजेक्शननंतर असंच झालं होतं. गाल जागेवर होता, पण माझा नव्हता.

२१ मार्च
उगवलं! मेहुणीला फोन केला. म्हटलं, हिला सांग, काम मार्गी लागलंय. ती म्हणाली, ताई अंघोळीला गेलीय. मागच्या वेळीही अंघोळच होती. त्यांच्याकडे पाण्याची चंगळ दिसते.

८ एप्रिल, दुपारी
मोठा शोध. वाफ्यातली सगळी रोपं सारखीच. हिरवी, मिळमिळीत, चारचौघांसारखी. एकच वेगळं आहे. दांडा लालसर जांभळा, अंगावर तेज. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते खोटं नाही. काळं फळ हिरव्या दांड्याला लागेलच कसं? बाकी सगळं तण.

९ एप्रिल
तण उपटलं. काका कुंपणावरून ओरडले, अहो थांबा, ती टोमॅटोची रोपं दिसतायत, पान चुरगळून वास तरी घ्या. जन्मभर दात उपटलेला माणूस मला सांगतो, उपटू नका! वास घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. एवढा जीव तुटतोय तर न्या, म्हणालो, आणि घमेलंभर तण त्यांच्या हातात दिलं. म्हातारा खूश.

आता सगळं खत एकट्या रोपाला.

२ मे
रोप कमरेएवढं झालं. काल बोटात काटा गेला. टोमॅटोला काटे? पाकिटावर उल्लेख नाही. दुर्मिळ जात म्हटल्यावर स्वसंरक्षण आलंच.

रंगाचा डबा उघडून पाहिला. वर जाड साय धरलीय. परत झाकला. आधी टोमॅटो, मग भिंत. एका वेळी एकच काम, नाहीतर ही म्हणते तसं होतं.

१४ जून
रोप माझ्या छातीला लागलं. वर हिरवट तुरे आलेत, फळ नाही. उशिरा धरणारी जात असावी. काकांकडे मात्र काहीतरी काळपट लोंबतंय. वांगी लावलेली दिसतात. बरं आहे, म्हातारपणी विरंगुळा.

६ जुलै
हिचा फोन. स्वतःहून! रविवारी घरी आहात का, विचारत होती. आहे म्हणालो. टोमॅटोचं सांगणार होतो, पण तोवर तिने ठेवला. नंतर चहा ठेवला, तो दोन कप झाला. पाणी जास्त पडलं असेल.

रोपाला काठीचा आधार दिला. 'काळा टोमॅटो' अशी पाटी रंगवून लावली. तेवढा रंग सायीखाली निघाला.

१० जुलै, रविवार
ही आली. मेहुणीचा नवरा गाडी घेऊन बाहेर थांबला. मी तिला आधी वाफ्याकडे नेलं. तिने पाटी वाचली, रोपाकडे पाहिलं आणि म्हणाली, हा काटेमाठ आहे, तण. रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात काकांनी कुंपणावरून टोपली पुढे केली. म्हणाले, घ्या, तुमच्याच घरचे आहेत, ह्यांनी उपटलेली रोपं मी लावली होती. टोमॅटो काळेभोर. पाकिटावरच्या फोटोपेक्षा काळे. तिने एक तिथेच पुसून खाल्ला. म्हणाली, काका, तुम्ही शेवटपर्यंत नेलंत हो.

मग म्हणाली, मशीन न्यायला आलेय.

मशीन जड आहे. एका बाजूने मेहुणीच्या नवऱ्याने धरलं, दुसरीकडून मी. दारातून वळवताना त्याला दम लागला. टेकवू या का, म्हणाला. मी नको म्हणालो. गाडीपर्यंत कुठेही टेकवलं नाही. ही बघत होती. सावकाश जा, एवढंच मला सुचलं.

वाफ्याच्या कडेला पुदिना परत फुटलाय. मी काही केलं नव्हतं. जाताना तिने त्यातला मूठभर खुडून नेला.

संध्याकाळ
ओट्यावर तिने माझ्यासाठी एक टोमॅटो ठेवलाय. खाल्ला. टोमॅटोसारखाच लागतो.

चावताना उजवीकडची दाढ फार दुखली. ती तर काकांनी मागेच काढलीय.